कायदेमंडळांतील उमेदवारी

घरांतील मुलगा किंवा मुलगी एल्एल्. बी. झाली म्हणजे पुढचे बेत बहुतेक ठरल्यासारखेच असतात. एखाद्या नामांकित वकिलाच्या हाताखालीं दोनचार वर्षें काढावीं; तें न साधल्यास कंपनीच्या कायदेखात्यांत शिरावें; तेंहि नको असल्यास न्यायाधीशाच्या परीक्षेस बसावें; आणि अंगीं विशेष धमक असेल तर दिल्लीच्या मोठ्या परीक्षेची तयारी करावी. ह्या सर्व वाटा चांगल्या आहेत व त्यांविषयीं आम्हांस कांहीं उणें बोलावयाचें नाहीं. परंतु ज्या घरांत मुलांच्या कायदेशिक्षणावर पोटास चिमटा घेऊन पैसा खर्च होतो, त्या घरांत कायदा जेथें जन्मास येतो त्या जागेचा विचार सहसा कोणी करीत नाहीं, ह्याचें मात्र नवल वाटतें. न्यायालयांत कायद्याचा अर्थ लागतो. कायदा घडतो तो कायदेमंडळांत. तो घडविणाऱ्या सभासदाच्या हाताशीं बसून एक वर्ष उमेदवारी करण्याची सोय आपल्या देशांत झालेली आहे. उमेदवारी म्हणजे निवडणुकीची नव्हे. तो शब्द आम्ही जुन्या अर्थानें योजीत आहों; नवशिक्यानें जाणत्याजवळ राहून काम शिकावें, ती उमेदवारी.

अशा मदतनिसाची सभासदाला गरज काय, असें कोणी विचारील. मोरिवलीचें उदाहरण घेऊं. ज्या अंबरनाथांत शके ९८२ चा शिलालेख असलेलें शिवालय आहे त्याच अंबरनाथचा हा भाग. परंतु आजचें त्याचें रूप कारखान्यांचें व त्यांच्या शेजारीं उठणाऱ्या इमारतींचें आहे. येथील मतदाराचा आमदार अंबरनाथ मतदारसंघाचा आणि खासदार कल्याणचा. ह्या एका खासदाराच्या पाठीमागें सुमारें २० लाख मतदार आहेत. त्यांतले शेपन्नास रोज सकाळीं त्याच्या दारीं येतात. कोणाला रुग्णालयांत खाट हवी, कोणाला शाळेंत प्रवेश, कोणाची बदली अडलेली, कोणाच्या आळींतलें गटार तुंबलेलें. हीं कामें हलकीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. अडलेल्याला तींच मोठीं. पण तोच गृहस्थ अधिवेशनाच्या दिवशीं अकरा वाजतां सभागृहांत बसतो, आणि त्याच्यापुढें बँकांचें, बियाण्यांचें, जहाजांचें किंवा दिवाळखोरीचें विधेयक येतें. त्यानें तें वाचावें केव्हां? वाचलें तरी जुन्या अधिनियमाशीं ताडून पाहावें केव्हां?

पूर्वीं हा भार कांहीं अंशीं संसदेच्या समित्या उचलीत. १५ व्या लोकसभेच्या कारकीर्दींत (२००९–१४) मांडलेल्या विधेयकांपैकीं शेंकडा ७१ समित्यांकडे गेलीं; १६ व्या लोकसभेंत हें प्रमाण सुमारें चौथाईवर आलें, आणि १७ व्या लोकसभेंत (२०१९–२४) शेंकडा १६ वर उतरलें. म्हणजे साक्षी घेऊन, तज्ज्ञांस बोलावून, कलम-कलम चाळून पाहण्याचें जें काम चार शांत भिंतींच्या आड व्हावयाचें, तें आतां एकेकट्या सभासदाच्या गळ्यांत पडलेलें आहे. त्याच्या हाताशीं वाचणारा माणूस नसेल, तर तो हात वर करतो कशासाठीं हें त्याचें त्यालाच सांगतां येणार नाहीं.

ही गरज नवी नव्हे, आणि ती आपल्याकडे प्रथम ज्यानें भागविली तो एक शाळामास्तर होता हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. नामदार गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळांत गेले आणि २६ मार्च १९०२ रोजीं त्यांनीं अर्थसंकल्पावर आपलें पहिलें भाषण केलें. सरकारच्या तिजोरींत वर्षानुवर्षें शिल्लक पडते ती रयत सुखी झाली म्हणून नव्हे. रुपयाचा भाव चढवून व कर जास्त बसवून ती पडते, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं दाखविलें. ह्या भाषणानें गोखल्यांचें नांव देशभर झालें. परंतु त्या आंकड्यांच्या मागें रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी होते. शिक्षणखात्यांत नोकरी करून हेडमास्तरपदास चढलेले हे सोलापूरचे जोशी न्यायमूर्ति रानड्यांच्या परिवारांतले. सरकारी अहवाल, जमाखर्चाचीं पुस्तकें, मिठाचे व जमिनीच्या साऱ्याचे तक्ते हाच त्यांचा विरंगुळा. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत त्यांनीं जे अर्थशास्त्रीय निबंध लिहिले त्यांची बरोबरी करणारें लिखाण त्या काळांत थोडें. गोखले त्यांस पत्रें लिहून टिपणें मागवीत, आपल्या युक्तिवादांतील कच्चे दुवे विचारीत. आणि जोशी शाळेचें काम सांभाळून तीं टिपणें पुरवीत.

मिठावरील कर त्या वेळीं मणास अडीच रुपये होता. १९०३ मध्यें तो दोन रुपये झाला, १९०५ मध्यें दीड, आणि १९०७ मध्यें एक रुपया. हें सर्व एका भाषणानें झालें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पण सभागृहांत बिनतोड आंकडा मांडतां आला म्हणजे मिजासखोर अधिकाऱ्यालाहि उत्तर द्यावें लागतें, हें त्या काळच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. भाषण करणाराचें चरित्र शाळेंत शिकवितात. टिपण करणाराचें नांव किती शिक्षकांस ठाऊक आहे? १९१२ मध्यें जोश्यांचे लेख व भाषणें एकत्र छापून निघालीं. तो जाड ग्रंथ आज जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतच भेटतो.

असेंच घटनासमितींतलें. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं समारोपाचें भाषण करतांना डॉ. आंबेडकरांनीं घटनेच्या श्रेयाचा वांटा सर बी. एन. राव ह्या घटना-सल्लागारांस आणि एस्. एन्. मुखर्जी ह्या मुख्य मसुदाकारांस मुद्दाम दिला. अवघड कल्पना सोप्या व बिनचूक कायदेशीर भाषेंत उतरविण्याची मुखर्जींची हातोटी त्यांनीं वाखाणली. थोर माणूसच हाताखालच्या लेखणीचा असा उल्लेख करतो.

परदेशांत ह्या मदतीस लवकर पद्धतशीर रूप आलें. अमेरिकेंत न्यायाधीशांजवळ ताजे पदवीधर ठेवण्याची चाल न्यायमूर्ति होरेस ग्रे ह्यांनीं घातली. १८८२ पासून हार्वर्डचा एकेक हुशार पदवीधर ते स्वतःच्या पदरचा पगार देऊन वर्षभर जवळ ठेवीत. पुढें ती रीतच पडली आणि आज त्या देशांत न्यायाधीशाजवळ केलेली वर्षाची उमेदवारी वकिलाच्या आयुष्यांत भूषण मानली जाते. कायदेमंडळाच्या बाजूस विस्कॉन्सिन संस्थानानें १९०१ मध्यें चार्ल्स मॅकार्थी नांवाच्या तरुण विद्वानाच्या हातीं एक संदर्भ-ग्रंथालय सोंपविलें. शेतकरी, दुकानदार, सुतार अशा साध्या सभासदांस विधेयकाची माहिती व मसुदा तेथें मिळूं लागला. मोठ्या भांडवलवाल्यांचे वकील आयतीं विधेयकें लिहून सभासदांच्या हातीं देत, त्यावर हा तोडगा होता. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. सभासदाजवळ स्वतःचा वाचणारा नसला म्हणजे त्याच्यासाठीं दुसरा कोणी तरी वाचतो, आणि तो फुकट वाचीत नाहीं.

आपल्याकडेहि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींजवळ तरुण कायदा-पदवीधर नेमले जातात. कायदेमंडळाच्या बाजूस मात्र ही सोय सरकारनें नव्हे तर एका खासगी संस्थेनें केली. २००५ मध्यें दिल्लींत पी. आर. एस. लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था निघाली, आणि तिनें २०१० पासून खासदारांस तरुण मदतनीस देण्याची योजना सुरू केली. लॅम्प फेलोशिप ह्या नांवानें ती ओळखली जाते. कोणत्याहि विषयाचा पदवीधर चालतो. कायद्याचा असलाच पाहिजे असें नाहीं, तरी कायद्याच्या पदवीधरास तेथें आयतेंच शेत नांगरावयास मिळतें. वयाची मर्यादा २५ वर्षांची. निवड झालेल्यास एका खासदाराशीं जोडून देतात. पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास काम सुरू होतें तें अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत चालतें. एकाच वर्षाचे मदतनीस निरनिराळ्या पक्षांच्या खासदारांकडे वांटलेले असतात. दिवसा आपापल्या खासदाराचा कैवार आणि रात्रीं एका खोलींत वरणभात, असा हा संसार असावा.

काम काय? विधेयकाची प्रत येतांच प्रथम उद्देश व कारणें ह्यांचें निवेदन वाचावयाचें, मग कलमें, मग वित्तीय ज्ञापन, आणि शेवटीं नियम करण्याचा अधिकार कोणाकडे सोंपविला आहे तें ज्ञापन. पुष्कळदां विधेयकाचा खरा जीव ह्या शेवटच्या कागदांत असतो, कारण सभागृहानें जें ठरविलें नाहीं तें पुढें कार्यालयांतला अधिकारी नियमानें ठरवितो. जुना अधिनियम शेजारीं ठेवून काय गेलें, काय आलें हें पाहावयाचें आणि दोन पानांचें टिपण करावयाचें. दोनच पानें; तिसरें पान खासदार वाचीत नाहीं. शिवाय प्रश्न तयार करावयाचे. लोकसभेंत प्रश्नाची सूचना पुरे १५ दिवस आधीं द्यावी लागते आणि तोंडी उत्तरासाठीं दिवसाला २० च प्रश्न निघतात, तेव्हां प्रश्न असा घालावा लागतो कीं मंत्र्यास "माहिती गोळा करण्यांत येत आहे" असें म्हणून सुटतां येऊं नये. ही एक विद्याच आहे. आम्हीं जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या. पळवाट नसलेला प्रश्न काढणें किती कठीण तें आम्हांस ठाऊक आहे.

हें सर्व दिल्लीचें झालें. पण त्याचा मोरिवलीच्या चुलीशीं संबंध काय तें दाखविणारा दाखला शेजारच्या गांवींच आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणच्या रिकाम्या लष्करी छावणींत उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. बराकींच्या जागीं दुकानें झालीं, दुकानांवर मजले चढले. परवानगी कोणाची व नकाशा कोठें हें विचारण्याची सवड त्या पिढीस नव्हती, आणि पुढच्या पिढींतील बांधणारांनीं त्या सवयीचा व्यापार केला. शेवटीं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न उभा राहिला. पाडाव्या तर हजारों कुटुंबें उघड्यावर. ठेवाव्या तर कायद्याची किंमत काय? तेव्हां राज्याच्या विधिमंडळानें २००६ मध्यें एकट्या उल्हासनगरासाठीं अनधिकृत बांधकामें नियमित करण्याचा स्वतंत्र अधिनियम केला. एका गांवासाठीं एक कायदा, हा प्रकार विरळाच.

असें विधेयक आमदाराच्या हातीं येतें तेव्हां त्याच्या शेजारीं कायदा शिकलेला एक मुलगा बसला आहे अशी कल्पना करा. त्यानें काय विचारावें? इमारत दंड भरून नियमित झाली म्हणजे ती मजबूत झाली काय? मजबुतीचा दाखला कोण देणार, किती वर्षांनीं तो पुन्हा घ्यावयाचा, आणि खोटा ठरल्यास जबाबदार कोण? अर्ज बांधणारानें करावयाचा कीं राहणारानें? बांधणारा परागंदा झाला असेल आणि राहणारापाशीं जागेचे कागदच नसतील तर? जमलेला दंड त्याच वस्तीच्या नळागटारांवर खर्च होईल असें कोठें लिहिलें आहे काय? ह्यांतील एकेक प्रश्न म्हणजे एकेका कुटुंबाची जन्माची पुंजी होय. कायदा झाल्यावरहि उल्हासनगरचा प्रश्न सुटला असें झालें नाहीं. मे २०२१ मध्यें तेथील दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं, आणि सर्व चर्चा पुन्हा नव्यानें सुरू झाली. विधेयकाच्या दिवशीं न विचारलेले प्रश्न पंधरा वर्षांनीं छपरांतून खालीं येतात.

म्हणून आमचें मत असें कीं, दिल्लीपेक्षांहि ही उमेदवारी राज्याच्या विधिमंडळांत अधिक हवी. घरें, पाणी, नगरपालिका, शेतजमीन, पोलीस हे विषय राज्याचे. महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ व विधान परिषदेंत ७८ सभासद आहेत. त्यांस स्वीय सहायकासाठीं भत्ता मिळतो, पण स्वीय सहायकाचा जन्म बहुधा दूरध्वनि, शिफारसपत्रें व दौरे ह्यांतच जातो. विधिमंडळांत वि. स. पागे ह्यांच्या नांवाचें संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तें नांव योग्यच आहे. १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचें सभापतिपद सांभाळणाऱ्या पाग्यांनीं रोजगार हमीची कल्पना नुसती बोलून दाखविली नाहीं. १९६५ मध्यें तासगांव तालुक्यांत ती करून पाहिली आणि मग १९७७ च्या कायद्यापर्यंत नेली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीं संसदीय अभ्यासवर्गहि भरतो. हे उपक्रम स्तुत्य आहेत. परंतु अभ्यासवर्ग थोड्या दिवसांचा, उमेदवारी वर्षाची. पोहण्यावरील व्याख्यान आणि विहीर ह्यांत जेवढें अंतर तेवढें ह्यांत. राज्य सरकारनें २०१५ मध्यें मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली, तींतून तरुण मंडळी शासनाच्या कामाशीं जोडली गेली. मंत्र्यास तरुण डोकें मिळावें आणि त्यास प्रश्न विचारणाऱ्या आमदारास मिळूं नये, हें कांहीं बरोबर तोललेलें माप नव्हे. प्रत्येक अधिवेशनास पांचपन्नास कायदा-पदवीधर विधिमंडळ सचिवालयानेंच परीक्षा घेऊन निवडावे व मागतील त्या आमदारांस, पक्ष न पाहतां, द्यावे. खर्च किती होईल? एखाद्या जाहिरातीचा होतो तेवढा.

आतां घरांतले आक्षेप. पहिला आक्षेप आजोबांचा: पोरगा पुढाऱ्याच्या नादीं लागेल. मदतनीस हा कार्यकर्ता नव्हे. त्यानें सभेंत सतरंज्या उचलावयाच्या नाहींत कीं घोषणा द्यावयाच्या नाहींत. ज्याच्याकडे काम केलें त्याचें गुपित मात्र जन्मभर राखावयाचें. वकिलाच्या मुलास हें निराळें शिकवावें लागूं नये. दुसरा आक्षेप शिकलेल्या काकांचा, आणि तो वजनदार आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून सभासदानें पक्षाच्या आज्ञेबाहेर मत दिलें तर त्याचें सभासदत्व धोक्यांत येतें; मग त्यानें विधेयक वाचलें काय, न वाचलें काय? मतापुरतें हें खरें आहे. पण प्रश्न विचारण्यास, दुरुस्ती सुचविण्यास, समितींत साक्षीदारास छेडण्यास पक्षाची आज्ञा आड येत नाहीं. खासगी विधेयकेंहि आहेत. स्वातंत्र्यानंतर आजवर १४ च खासगी विधेयकांचे कायदे झाले, व त्यांतलें शेवटचें १९७० मध्यें. तरी बॅरिस्टर नाथ पै ह्यांनीं १९६७ मध्यें घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयीं मांडलेलें विधेयक पहा. तें स्वतः कायदा झालें नाहीं. पण त्यानें जो वाद उभा केला त्याची परिणति १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तींत झाली. त्या दुरुस्तीशीं कोणी सहमत असो वा नसो, वेंगुर्ल्याच्या एका माणसानें सभागृहास विचार करावयास लावलें एवढें निश्चित.

तिसरा आक्षेप आईचा, पैशाचा. विद्यावेतन पोटापुरतें मिळतें, त्यांतून घरीं पाठविण्याजोगें कांहीं उरत नाहीं. ही गोष्ट आधींच समजून घ्यावी. ज्या घरावर कर्जाचा हप्ता आहे त्यानें विचार करूनच मुलास पाठवावें. परंतु चार कमावत्या माणसांच्या एकत्र घरास एक वर्ष जड जाऊं नये, आणि मुलींच्या बाबतींत तर आम्ही आग्रहानें सांगूं. तिच्या भावास जी मुभा तीच तिला द्यावी. दिल्लींत राहण्याची व्यवस्था मैत्रिणी मिळून उत्तम करतात.

राहतां राहिली भाषा. आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्या माणसास विधेयकें वाचतांना मीमांसकांची आठवण होते. विधि कोणता आणि नुसता अर्थवाद कोणता, 'वा' म्हटलें कीं 'च', ह्यावर त्यांनीं पिढ्यान् पिढ्या वाद घातला तो वायां नव्हता. राज्याच्या अधिनियमांत "प्राधिकारी तपासणी करील" आणि "प्राधिकाऱ्यास तपासणी करतां येईल" ह्या दोन वाक्यांत घर पडण्या-न पडण्याचें अंतर आहे. पहिल्यांत कर्तव्य आहे, दुसऱ्यांत मर्जी. आणखी एक अडचण अशी कीं, राज्याचें विधेयक मराठींत असलें तरी घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणें राज्यपालांच्या अधिकारानें प्रसिद्ध झालेला इंग्रजी पाठ अधिकृत मानला जातो. तेव्हां दोन्ही पाठ शेजारीं ठेवून ताडून पाहणारा मदतनीस हवा. मराठी माध्यमांतून येऊन इंग्रजींतून कायदा शिकलेलीं आमच्या भागांतील मुलें आपल्या मराठीस कमीपणा मानतात. ह्या एका कामांत तीच त्यांची मिळकत आहे.

ज्या घरीं असा मुलगा वा मुलगी असेल त्यांनीं अर्ज पाठविण्यापूर्वीं एक करून पाहावें. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकें मराठींत मिळतात. त्यांतलें एखादें बेतांच्या लांबीचें, शक्य तर घरांशीं किंवा नगरपालिकेशीं संबंध असलेलें, उतरवून घ्यावें आणि मुलास आठ दिवसांची मुदत द्यावी. त्यानें दोन पानांचें टिपण करावें. कायद्याचा एकहि पारिभाषिक शब्द अर्थ सांगितल्यावांचून वापरूं नये. शेवटीं मंत्र्यास विचारण्याजोगे तीन प्रश्न काढावे. रात्रीं जेवणें झाल्यावर तें सर्वांसमक्ष वाचावें. काकांनीं मंत्र्याची बाजू घ्यावी आणि उत्तर टाळण्याचा यथाशक्ति प्रयत्न करावा. आजीला टिपण कळलें आणि काकांस पळवाट सांपडली नाहीं, तर अर्ज अवश्य धाडावा. नाहींतर पुढच्या आठवड्यास दुसरें विधेयक घ्यावें.